सायकल ऑनलाइन मागवू की दुकानातून घेऊ?

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही साताऱ्यात राहतो. मुलगा अकरावीत गेलाय, उंची पाच फूट सहा इंच, गियरची सायकल हवी म्हणून डोकं खातोय. क्लासला न्यायची आणि रविवारी मित्रांबरोबर यवतेश्वरचा घाट चढायचा असा प्लॅन आहे. ऑनलाइन साडेपंधरा हजारांना दिसतेय, तशीच दुकानदार अठराला देतो म्हणतो. हे म्हणतात अडीच हजार कशाला जास्त घालवायचे. काय करू?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, तो फरक दिसतो तेवढा नसतो. ऑनलाइन सायकल खोक्यात येते, 85 टक्के जोडलेली आहे असं लिहितात, पण सगळी गोची उरलेल्या 15 टक्क्यांतच असते. पुढचं चाक, हँडल, सीट, पेडल हे आपण लावायचं. आता पेडलच बघा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते बघायचं राहिलं आणि उजवं पेडल डावीकडे लावून पान्याने जोर केला की क्रँकचे, म्हणजे पेडल ज्या दांड्यात बसतं त्याचे, आटे गेलेच. त्याहून बेकार म्हणजे मागचा गियर ज्या छोट्या पट्टीवर लटकतो तो हँगर, खोक्यात दाब आला की वाकतो, घरी अंगणात चालवून काही कळत नाही आणि मग घाटात मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन टाकली की डिरेलर, म्हणजे चेन सरकवणारा तो मागचा गियर, थेट आऱ्यांत. दुकानदार निदान चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, काढून, गियर सेट करून देतो, पहिलं सर्व्हिसिंगही बऱ्याचदा फ्री असतं, तेवढं आधी विचारून घ्या आणि स्टँड, मडगार्ड, कुलूप त्याच पैशात मागा, लाजू नका.

पण दुकानदार म्हणजे सगळे साधू नव्हेत हां. जो साइझ पडून आहे तोच गळ्यात मारतात. 26, 27.5, 29 हे आकडे चाकाचे, फ्रेमचा साइझ वेगळा, तो विचारायचा. मुलाला घेऊन जा, दांडी दोन पायांच्या मध्ये घेऊन उभं राहू दे, दांडीच्या वर दोन-तीन बोटं तरी जागा राहिली पाहिजे. एक चक्कर मारू देत नसेल तर सरळ दुसरं दुकान बघा. आणि घाट चढायचा असेल तर पुढे तीन चकत्यावाली घ्या, पुढच्या तीन गुणिले मागच्या सात म्हणजे 21 गियर, चढाला पुढची सगळ्यात लहान चकतीच कामाला येते. सिंगल स्पीड नकोच.

तरी ऑनलाइनच घ्यायची ठरली, तर मागवायच्या आधी जवळचा मिस्त्री दुसरीकडची सायकल जोडून देतो का आणि किती घेतो ते विचारा. खोकं उघडताना व्हिडिओ काढा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे खराब निघालेला माल परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही, ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहेच, पण पंधरा किलोचं धूड परत पॅक कोण करणार, ते आधी घरात ठरवा! हेल्मेट, लाइट, ट्यूब मात्र बिनधास्त ऑनलाइन घ्या.

माझं विचाराल तर पहिली सायकल आहे, दुकानातूनच घ्या. आणि बिलावर फ्रेम नंबर लिहून घ्या, बहुतेक सायकलींना तो फ्रेमच्या खालच्या बाजूला, क्रँकजवळ ठोकलेला असतो. वॉरंटीला लागतो आणि चोरीला गेली तर पोलीसही आधी तोच विचारतात.