कोण कोणाला बोललं?

प्रिय मुली,

तुझं पत्र आणि सोबतचा तक्ता पोचला. दोनशे शब्दांच्या दोनशे ओळी, डावीकडे पूर्व आफ्रिकेतली स्वाहिली, उजवीकडे इंडोनेशियातल्या जावा बेटावरची जावानीज, मधे इंग्रजी. पत्राच्या शेवटी लिहिलंयस, "सर, भरून झालं, पण यातून मला म्हणायचंय काय तेच कळत नाही. प्रबंधाचा विषय बदलू का?" रात्रभर ते वाक्य डोक्यात होतं. बत्तीस वर्षांपूर्वी अशाच तक्त्यासमोर मी बसलो होतो.

विषय बदलू नकोस. तक्ता टाकून दे.

सत्तेचाळिसावी ओळ काढ. मधे 'राईस', एकीकडे 'म्चेले', दुसरीकडे 'बरास'. कोशाप्रमाणे ठीक आहे. पण स्वाहिली बोलणाऱ्या झांझिबार बेटावर शेतात उभा असतो तो म्पुंगा, पोत्यात म्चेले, ताटात वाली. जावात पारी, बरास, सगॉ. आणि आपल्याकडे शेतात साळ, डब्यात तांदूळ, ताटात भात. एक भाषा बांतू कुळातली, दुसरी ऑस्ट्रोनेशियन, तिसरी आपली. नातं काही नाही. तिन्हीकडे लोक भात लावतात, कांडतात, शिजवतात, म्हणून तीन तीन शब्द लागले. मराठी घरात वाढलेली तू, हे सगळं एका इंग्रजी रकान्याच्या फटीतून का बघतेस? आजीला विचारलं असतंस तरी तक्ता तिथेच फाटला असता. शिवाय जावात आदरानं बोलताना हेच तीन शब्द पान्तुन, वॉस, सकुल होतात. यातला कोणता लिहिणार होतीस? कोण कोणाला बोलतंय हे ठरल्याशिवाय तो रकाना भरताच येत नाही.

तेवढंच मला सांगायचंय. शब्द आणू नकोस, वाक्य आण, आणि वाक्याखाली लिही: कोण कोणाला बोललं.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. जावातल्या योग्यकार्ता शहरात एका घरी उतरलो होतो. जावानीजमध्ये झोपण्याला साधा शब्द तुरू, सभ्य बोलीत तिलम, आणि मोठ्या माणसाच्या झोपेला सारे. माझ्या वहीत तिन्ही होते, ओळीनं, सुवाच्य. रात्री घरातल्या आजींना मी अत्यंत नम्रपणे म्हणालो, "कुलॉ बडे सारे." सर्वांत आदराचा शब्द निवडला याचं समाधान वाटत होतं. आजी शांतपणे "इंग्गिह", म्हणजे 'हो', म्हणाल्या आणि दिवा कमी केला. दुसऱ्या दिवशी नातवानं सांगितलं की तो शब्द स्वतःसाठी कधीच वापरत नाहीत. घरच्या वडीलधाऱ्या बाईसमोर 'मी आता पहुडतो' असं मी जाहीर केलं होतं! आजही ते आठवलं की कान तापतात. शब्द बरोबर होता, अर्थ बरोबर होता. कोण कोणाला, हे मी विचारलंच नव्हतं.

तू म्हणशील, ही जावानीजची गोष्ट झाली, स्वाहिलीत असे थर कुठे आहेत? नाहीत. तिथे नामांचे वर्ग आहेत आणि वाक्यातली विशेषणं, क्रियापदं त्या वर्गाप्रमाणे तोंड बदलतात. खुर्ची म्हणजे किती. चांगली खुर्ची 'किती किझुरी', चांगल्या खुर्च्या 'विती विझुरी'. आता किजाना हा शब्द घे. किजाना म्हणजे तरुण माणूस, तुझ्यासारखं. रूप खुर्चीच्याच वर्गाचं, अनेकवचनही विजाना. पण चांगला तरुण 'किजाना म्झुरी', चांगले तरुण 'विजाना वाझुरी'. शब्दाला वस्तूचा वेश आहे, वाक्य मात्र त्याला माणूस म्हणूनच वागवतं. तुझ्या तक्त्यात फक्त 'किजाना' आहे. तो माणूस आहे हे त्या ओळीतून कधी कळलं असतं?

आणि मराठी? 'बाबा आले.' बाबा एकच, क्रियापद अनेकवचनी. जावानीज आदर दाखवायला शब्द बदलते, स्वाहिली वर्ग दाखवायला जोडणी बदलते, आणि आपण आदरच जोडणीत घालतो. तुझ्या पायाखाली ही जागा असताना तू इंग्रजीच्या खिडकीत जाऊन का उभी राहिलीस? यावर मी चिडलोय, खरंच चिडलोय.

शंभर ते एकशेतीस ओळींत तू 'साम्यं' गोळा केलीस. हबारी आणि कबार, वकाती आणि वक्तू, सबाबू आणि सबाब. बाई गं, खबर, वक्त, सबब! तिन्ही आपल्याकडेही आहेत, मूळ अरबी. व्यापार आणि धर्म जिथे गेले तिथे ते गेले, त्यानं भाषा बहिणी होत नाहीत. पण वाक्य बघ. ख्यालीखुशाली विचारताना स्वाहिलीत म्हणतात "हबारी गानी?" आणि जावात "पिये कबारे?" म्हणजे दोघेही खबरच विचारतात. आणि वडीलधाऱ्या माणसाशी दोन्हीकडे ही सुरुवात चालत नाही. झांझिबारला आधी 'शिकामो' म्हणायचं, त्याच्या मुळाशी 'तुमचे पाय धरतो' आहे, आणि मोठ्यांनी 'मराहाबा' म्हटल्यावर पुढे बोलायचं. जावात सगळं वाक्यच सभ्य बोलीत, क्रॉमॉत, न्यायचं. तुला तुलना हवी होती ना? ती इथे आहे. या एका प्रसंगावर तुझं अख्खं प्रकरण उभं राहील.

इतिहासालाही हाच प्रश्न विचार. जून १९२८ मध्ये केनियातल्या मोंबासाच्या परिषदेत प्रमाण स्वाहिलीसाठी झांझिबारची बोली निवडली गेली; जिला मोठी काव्यपरंपरा होती ती खुद्द मोंबासाची बोली मागे पडली. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, इंडोनेशियाच्या तरुणांनी शपथ घेतली आणि ऐक्याची भाषा म्हणून मलायवर उभी असलेली इंडोनेशियन मानली. जावानीज सर्वांत जास्त लोकांच्या घरात होती, तरी. पहिला निर्णय वसाहतीच्या कारभारात, शाळांसाठी झाला. दुसऱ्यात तरुण एकमेकांशी बोलत होते, आणि जिथे तोंड उघडताच पायरी ठरते त्या भाषेत ती शपथ घेणं अवघड होतं, असं मला ठामपणे वाटतं. तू मात्र विचारतेस, दोघींत 'यशस्वी' कोण. असा प्रश्न पुन्हा विचारू नकोस.

मी अकरा वर्षं घालवून प्रबंध दिला नाही, हे तुला कोणीतरी सांगितलं असेलच. आळस म्हणाले, भित्रेपणा म्हणाले. तक्ता तयार होता, छापता आला असता, पदही मिळालं असतं. पण प्रत्येक ओळीशी त्या आजींचा कमी होणारा दिवा दिसायचा. चुकीचं छापण्यापेक्षा न छापलेलं बरं, असं तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. फक्त एक चुकलं: तक्ता फेकल्यावर मी परत योग्यकार्ताला जाऊन त्या घरात गप्प बसून ऐकायला हवं होतं. मी वह्या बांधून माळ्यावर टाकल्या.

तू टाकू नकोस. पुढच्या पत्रात पाच वाक्यं पाठव, दोन स्वाहिली, दोन जावानीज, एक तुझ्या घरातलं. प्रत्येकाखाली लिही कोण कोणाला बोललं, कुठे, किती वाजता. घरातलं वाक्य आजीचंच असू दे.

तुझा,
सर