कॉफीच्या चोथ्यातले तेल

प्रश्न : कॉफी गाळल्यावर उरणारा चोथा मी रोज टाकून देते. त्यात तेल असते असे वाचनात आले. लहान घाण्यावर ते घरी काढता येईल का, आणि त्याचा उपयोग काय?

उत्तर : चोथ्यात तेल असते, हे खरे आहे. तेल पाण्यात विरघळत नसल्यामुळे कॉफी करताना त्याचा थोडाच अंश कपात उतरतो. पूर्ण वाळवलेल्या चोथ्याच्या वजनात ते साधारण 10 ते 15 टक्के भरते. मेख आहे ती ‘वाळवलेल्या’ या शब्दात. नुकत्याच गाळलेल्या चोथ्यात निम्म्याहून अधिक पाणीच असते. 1 किलो ओल्या चोथ्यात 60 टक्के पाणी धरले, तर वाळल्यावर 400 ग्रॅम हाती येतो आणि त्यात तेल असते जेमतेम 40 ते 60 ग्रॅम. शिवाय ओला चोथा डब्यात साठवला की त्याला बुरशी लागते. म्हणून तो त्याच दिवशी ताटात पातळ पसरावा आणि मुठीत दाबला तरी गोळा न होता भुरभुर सुटेल इतका वाळवावा.

घाण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असते, म्हणून दाब पडताच ते वाहू लागते. चोथ्यातले तुटपुंजे तेल त्याचे तंतुमय कणच धरून ठेवतात. प्रयोगशाळेत त्यासाठी हेक्झेन हे द्रावक, म्हणजे तेल विरघळवून घेणारा द्रव, वापरतात. ते सुमारे 69 अंश सेल्सिअसला उकळते, त्यामुळे तेलातून उडवून लावणे सोपे जाते. पण त्याची हवेहून जड वाफ जमिनीलगत पसरते आणि एका ठिणगीने पेट घेते. स्वयंपाकघरात हा प्रयोग अजिबात करू नये.

या तेलात लिनोलेइक आणि पामिटिक ही मेदाम्ले मुख्य असल्याने साबण व सौंदर्यप्रसाधनांसाठी ते उपयोगी पडते. त्यापासून बायोडिझेल बनवता येते, हे अमेरिकेतील नेवाडा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवले. मात्र तेलाची आम्लता वाढलेली असेल, तर बायोडिझेल करण्यासाठी त्यात अल्कली (आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ) मिसळताच इंधनाऐवजी साबणच तयार होऊ लागतो, त्यामुळे आधी ती आम्लता कमी करावी लागते. खाण्यासाठी हे तेल वापरू नये, कारण त्यातील कॅफेस्टॉल या कॉफीतल्या घटकामुळे रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते.

चोथा दुसऱ्या तेलात मुरवून ‘कॉफीचे तेल’ करण्याची कृती तुम्हाला कोणी सांगेल. त्यात मूळच्याच तेलाला कॉफीचा वास लागतो; तेवढ्यावर समाधान असेल तर जरूर करावी, फक्त चोथा ओला नसावा, नाहीतर बाटलीत बुरशी येते.