स्टोव्हचे पेलेट ग्रिलमध्ये चालतील का?

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही ओहायोत राहतो. यंदा पेलेट ग्रिल घेतलं, म्हणजे भुसा दाबून केलेल्या लाकडाच्या छोट्या कांड्यांवर (पेलेट) चालणारी शेगडी. घर तापवायच्या स्टोव्हचे पेलेट इथे बरेच स्वस्त मिळतात आणि पिशवीवर ‘हार्डवुड’च (कठीण लाकूड) लिहिलेलं असतं. ते वापरले तर? दुसरं म्हणजे, आमच्या तंदुरी चिकनला धुराचा वास लागतच नाही.

उत्तर : स्टोव्हचे पेलेट ग्रिलमध्ये अजिबात घालू नका. तुम्हाला दोन्ही एकच का वाटतात ते मला कळतं. हे ग्रिल जन्मलंच मुळी घर तापवण्याच्या धंद्यातून. ओरेगनमधल्या माउंट एंजेल गावच्या जो ट्रेगर यांनी १९८०च्या दशकात ते तयार केलं, आणि त्यांच्या घरचा व्यवसाय हीटिंगचाच होता. पेलेट बनतातही सारखेच : लाकडाचा भुसा प्रचंड दाबाखाली साच्यातून काढतात, त्या उष्णतेत लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि तेच भुशाला बांधून ठेवतं. फरक आत काय आहे याचा. स्टोव्हच्या पेलेटमध्ये पाइन, फर अशी राळेची लाकडं, साल, कधी कारखान्यातला उरलासुरला भुसाही असू शकतो. ते अन्नासाठी बनवलेलेच नसतात, आणि त्यांचा धूर थेट आपल्या जेवणाला लागणार. ‘हार्डवुड’ एवढ्या एका शब्दावर विसंबू नका.

स्वयंपाकाच्या पेलेटची पिशवीसुद्धा नीट वाचा. पुढे मोठ्या अक्षरांत ‘हिकरी’ या लाकडाचं नाव असतं, पण मागे पाहिलं तर पुष्कळदा बराचसा ओक किंवा आल्डर ही दुसरीच लाकडं निघतात. ओक वाईट नाही, छान एकसारखा जळतो. पण हिकरीचे पैसे मोजताना ती किती आहे हे कळायला हवं.

आता धूर. तुम्ही बहुधा सुरुवातीपासूनच ४०० अंश फॅरनहाइटवर लावत असाल. तेवढ्या आचेला ग्रिलमधल्या पंख्याची हवा मिळून पेलेट स्वच्छ जळतात, म्हणून धूर जवळपास नसतोच. चिकन फ्रिजमधून काढून थंडच ग्रिलवर ठेवा. थंड, ओलसर पृष्ठभागाला धूर चांगला धरतो. पहिला पाऊण तास २२५वर, मग ४००. आत थर्मामीटर १६५ दाखवेपर्यंत काढू नका. नुसत्या मंद आचेवर ठेवलंत तर कातडी चिवट राहील. तंदूरसारखे करपलेले डाग मात्र येणार नाहीत, कारण ज्वाळेवर पत्रा असतो. ती अपेक्षाच सोडा. लाकूड चेरी किंवा सफरचंद घ्या. मेस्किटच्या लाकडाचा उग्र धूर गरम मसाल्याशी भांडतो, मला तो आपल्या वाटणांबरोबर मुळीच आवडत नाही. माशाला आल्डर. आणि जाळीवर जागा उरली तर टोचे मारून दोन वांगी ठेवाच, भरीत फार सुंदर होतं!

ओहायोच्या दमट उन्हाळ्यात पेलेट हॉपरमध्ये (ग्रिलच्या पेलेट भरायच्या पेटीत) तसेच सोडू नका. ओल लागली की ते फुगून पुन्हा भुसा होतात आणि पेलेट पुढे ढकलणाऱ्या स्क्रूमध्ये सिमेंटसारखे घट्ट बसतात. घट्ट झाकणाच्या बादलीत ठेवा. एक मोडून बघा : कट्‌कन तुटला तर वापरा, बोटांत चुरला तर टाकून द्या.