जनावर सगळ्यांत शेवटी आणावे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. घणसोलीचे घर विकून मुरबाडच्या बाजूला चार एकर जमीन घ्यायची, तिच्यावर शेळ्या आणि दोन गाई ठेवायच्या आणि कायमचे तिथेच राहायचे, असे तुम्ही दोघांनी ठरवत आणले आहे हे वाचून मला मनापासून आनंद झाला. 2011 साली आम्ही नौपाड्यातले बिऱ्हाड हलवून याच तालुक्यात आलो, तेव्हा कोणी वडीलधाऱ्याने चार गोष्टी नीट समजावून सांगितल्या असत्या तर आमचे बरेच नुकसान टळले असते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. दिवाळीपूर्वी वीस शेळ्या आणायच्या, असे तू लिहितेस. माझे सांगणे नेमके उलट आहे. पाणी, चारा आणि माणूस यांची सोय लागल्याशिवाय दावणीला एकही जनावर बांधू नये.

आम्ही पहिल्याच वैशाखात मराठवाड्यातून पंचवीस उस्मानाबादी शेळ्या आणल्या. जात उत्तम आणि जुळी करडे देणारी, पण कोरड्या हवेत वाढलेली. आषाढात आमच्या गोठ्याच्या मातीचा आठ दिवसांत चिखल झाला, शेळ्यांचे खूर कुजू लागले, आणि मी अजाणतेपणी त्यांना भातखाचरांच्या कडेला चारत राहिले, जिथल्या गोगलगायींमुळे यकृतात पर्णकृमींची, म्हणजे रक्त शोषणाऱ्या चपट्या जंतांची, लागण होते. गौरी-गणपतीपर्यंत नऊ शेळ्या गेल्या. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एका शेळीची खालची पापणी अंगठ्याने हलकेच ओढून मला दाखवली. आतली बाजू गुलाबी असायला हवी होती, ती खडूसारखी पांढरी पडली होती. त्या शेळीच्या अंगात रक्तच उरले नव्हते आणि मी मात्र महिनाभर तिच्या केसांची चमक पाहून समाधान मानत होते. तेव्हापासून पावसाळ्यात दर सोमवारी मी प्रत्येक शेळीची पापणी पाहते; तूही ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घे.

कोकणच्या पावसात शेळी जमिनीपासून उंच, फटी ठेवलेल्या लाकडी माचावरच राहिली पाहिजे, म्हणजे लेंड्या आणि मूत्र खाली पडून पाय कोरडे राहतात. जातीचा विचार करशील तेव्हा दापोलीच्या कृषी विद्यापीठाने पुढे आणलेली कोकण कन्याळ आधी पाहा. गाय डांगी असावी, कारण तिच्या तेलकट कातडीवर पाऊस टिकत नाही आणि घाटाखालच्या मुसळधार पावसात ती पिढ्यान्‌पिढ्या जगत आली आहे. पौष पौर्णिमेला म्हसा येथील यात्रेत जनावरांचा मोठा बाजार भरतो. तिथे गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाबरोबर दिवसभर हिंड आणि दात, कास, खूर कसे पाहतात ते शिक. मात्र पहिल्या वर्षी काही विकत घेऊ नकोस.

आता पाण्याविषयी. तुम्ही जमीन श्रावणात पाहिलीत, तेव्हा विहीर काठोकाठ भरलेली होती आणि त्यावरच तुमचे मन बसले, असे तुझ्या पत्रावरून दिसते. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा आणि भातसा ही धरणे शेजारच्या शहापूर तालुक्यात आहेत आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, हे लक्षात ठेव. आपल्याकडे पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, पण उतारावरचा काळा कातळ पाणी मुरू देत नाही. ते चार महिन्यांत खाडीकडे वाहून जाते. म्हणून वैशाखात पुन्हा जा, विहिरीत दोरी सोडून पाणी मोज, आणि शेजारच्या बायकांना विचार की होळीनंतर त्या पाणी कुठून आणतात.

पिण्याचे पाणी एक वेळ आणता येईल, पण चाऱ्याला लागणारे पाणी आणता येत नाही. एका शेळीला दिवसाला साधारण साडेतीन किलो हिरवा चारा धरला तर वीस शेळ्यांना सत्तर किलो होतो, म्हणजे फाल्गुन ते ज्येष्ठ या चार महिन्यांसाठी 8,400 किलो. एवढा चारा त्या दिवसांत रानात नसतो आणि बाजारातून आणला तर धंदाच उरत नाही. संकरित नेपियर गवताची ठोंबे, बांधावर शेवगा आणि सुबाभूळ हे सगळे एक वर्ष आधी लावलेले असले पाहिजे, आणि गावात भात झोडून झाले की पेंढा लगेच घेऊन ठेवला पाहिजे, कारण पुढे त्याचा भाव चढतच जातो.

माणसाची अडचण तुझ्या पत्रात कुठेच आलेली नाही. राखणीला पाड्यावरचे कुटुंब ठेवू, असे तू एका ओळीत लिहितेस. इथली बरीच कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भातकापणीच्या दिवसांत तर कोणीच मोकळे नसते. त्यामुळे पहाटे पाचला झाडलोट करणारे आणि रात्री बिबट्याच्या भीतीने दार नीट लागले का हे पाहणारे हात तुमचे दोघांचेच असतील, असे धरून चाला. एकाने दुसऱ्याच्या हौसेखातर होकार दिला असेल तर तो पहिल्याच पावसाळ्यात कळून येतो. तुझ्या पत्रात ‘आम्ही’ हा शब्द पुष्कळदा येतो, पण तुझ्या पतीला स्वतःला काय हवे आहे हे मला त्यातून समजले नाही. त्याला सांग की मला वेगळे पत्र लिही.

कागदपत्रांबाबत थोडक्यात सांगते. तुमच्यापैकी कोणाच्याही नावावर शेतजमीन नसेल, तर 1948 च्या कूळवहिवाट कायद्याच्या कलम 63 नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती घेता येत नाही. शेतकरी दाखला मिळवून देतो म्हणणाऱ्या दलालाला दारात उभे करू नका. खोट्या दाखल्यावर घेतलेली जमीन सरकारजमा होऊ शकते. सातबारावर इतर हक्कांत कुळाचे नाव आहे का, भोगवटादार वर्ग दोन (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) लिहिले आहे का, आणि जमीन मूळची आदिवासी खातेदाराची आहे का, हे जुन्या फेरफारांसह वकिलाकडून तपासून घ्या आणि मोजणी झाल्याशिवाय विसार देऊ नका.

आणि घणसोलीचे घर कृपा करून विकू नका, भाड्याने द्या. शेळी पाच महिन्यांनी विते आणि करडू विकण्याजोगे व्हायला आणखी आठ-दहा महिने लागतात, म्हणजे पहिला पैसा हाती यायला सव्वा वर्ष सहज जाते. तोवर एकाची नोकरी आणि घराचे भाडे यांवरच चूल पेटेल.

येत्या वैशाखात दोघे मिळून आठ दिवस आमच्याकडे राहायला या. त्या दिवसांत आमचीही विहीर तळाला गेलेली असते आणि दुपारी पत्रा तापून शेळ्या धापा टाकत असतात. जुने कपडे आणि घोट्यापर्यंतचे बूट आणा. कल्याणहून मुरबाडची एसटी धरा, पुढे आणायला हे येतील.

तुझी,
काकू