फेरिटिनचा आकडा वाचताना

ताई, तुमच्या मुलाला सारखं रक्त चढवावं लागतं, त्याचं फेरिटिन (अंगात साठलेल्या लोहाचा अंदाज देणारं रक्तातलं प्रथिन) १८०० आलं आणि लघवीतून लोह निघतंय का, असं तुम्ही विचारलंत. आकड्याची धास्ती घेऊ नका, पण रिपोर्ट फाइलला लावून विसरूही नका. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. फेरिटिन १०००च्या पुढे गेलं की बहुतेक डॉक्टर लोह काढायचं औषध सुरू करतात. मात्र फेरिटिन तापातही चढतं. पुण्यात पावसाळ्यात डेंग्यू असतोच, तेव्हा मूल आजारी असताना तपासणी नको. दर तीन महिन्यांनी, शक्यतो एकाच लॅबमध्ये करा आणि एका आकड्यापेक्षा त्याची चाल बघा.

लघवीचं म्हणाल तर डेस्फेरॉल हे लोह काढायचं इंजेक्शन पंपाने दिल्यावर ती लालसर होते, म्हणजे लोह निघतंय. चोवीस तासांची साठवून ते मोजताही येतं. डेफेरासिरॉक्स या लोह काढायच्या गोळीवर मात्र लोह मुख्यतः शौचावाटे जातं, लघवीत शोधून उपयोग नाही. तरीही लघवी तपासायचीच, प्रथिनांसाठी, आणि सोबत रक्तातलं क्रिएटिनिन, कारण या गोळीचा मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो. नेमकी हीच तपासणी लोक टाळतात, मला तर रागच येतो.

मूल आठ-दहा वर्षांचं झालं की हृदयातलं लोह मोजणाऱ्या टी-टू-स्टार एमआरआयबद्दल डॉक्टरांना विचारा. ते फेरिटिनवरून नीट कळत नाही.