यादी 'इज' की यादी 'आर'?

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी एसटीतून निवृत्त झालो आणि सध्या आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. बँकेला इंग्रजीत पत्र लिहिलं, त्यात 'द लिस्ट ऑफ मेंबर्स आर अटॅच्ड' असं वाक्य होतं. सभेत एका तरुण सभासदाने सगळ्यांदेखत 'आर' चूक आहे म्हणून दाखवलं. अहो, मेंबर्स ४५ आहेत, मग 'आर' का नको? नियम पाठ आहे, तरी लिहिताना हे नेहमीच चुकतं.
— एक वाचक, मिरज

उत्तर : कर्ता एकवचनी तर क्रियापद एकवचनी, हे तुम्हाला ठाऊकच आहे. अडतं ते कर्ता ओळखताना. तिथे आपण मराठी माणसं का अडखळतो, हे मला ३२ वर्षं नववी-दहावीच्या वह्या तपासताना हळूहळू उमगलं.

तुमचंच वाक्य मराठीत म्हणून पाहा : 'सभासदांची यादी जोडली आहे.' 'जोडली'च्या शेजारी कोण आहे? यादी. सभासद तिच्या आधी येऊन गेले, शिवाय त्यांना 'ची' लागला, त्यामुळे ते कर्ता होतील अशी शंकासुद्धा येत नाही. आपल्या कानाला शेजारच्या नामाशी क्रियापद जुळवायची सवय आहे आणि अशा वाक्यांत ती फसवत नाही. इंग्रजीत हा क्रम उलटा होतो. आधी लिस्ट, मग ऑफ, मग मेंबर्स. क्रियापद लिहायची वेळ येते तेव्हा कानात 'मेंबर्स' घुमत असतं आणि हात 'आर' लिहून मोकळा होतो. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही इथे घसरतात, तेव्हा सभेतलं मनाला लावून घेऊ नका.

यावर उपायही मराठीतच आहे. 'ऑफ' आलं की तेवढा तुकडा मनात मराठीत म्हणा. शेवटी जो शब्द येईल तो कर्ता. 'द प्राइस ऑफ ऑनियन्स' म्हणजे कांद्यांचा भाव. शेवटी भाव, म्हणून 'इज'. 'वन ऑफ माय फ्रेंड्स' म्हणजे माझ्या मित्रांपैकी एक. शेवटी एक, म्हणून 'लिव्ह्ज इन सांगली'. नुसतं 'लिव्ह' नाही. आणि ज्या जोडीने कित्येक मुलांचे गुण खाल्ले ती बघा. 'द नंबर ऑफ स्टुडंट्स' म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या, तिथे 'इज'. 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स' म्हणजे बरेच विद्यार्थी, तिथे 'आर'. 'द'च्या जागी 'अ' आला आणि कर्ताच बदलला! हे मी फळ्यावर पहिल्यांदा मांडलं, तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा 'संख्या, संख्या' म्हणून ओरडली होती.

काही ठिकाणी मात्र मराठीचा आधार सोडावा लागतो. आपले पैसे अनेक, पण 'मनी इज'. डोक्यावरचे केस अनेक, पण 'हेअर इज'. उलट आपली कात्री एक, चष्मा एक, तरी 'सिझर्स आर' आणि 'ग्लासेस आर'. 'एव्हरीबडी' म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर सगळे येतात, पण इंग्रजी तिथे एकेकाला मोजते, म्हणून 'इज'. एवढे शब्द घोकायलाच हवेत, त्याला इलाज नाही.

एक आठवण सांगते. नववीतल्या एका मुलीने निबंधात लिहिलं होतं, 'माय ग्रँडफादर आर इल'. मी लाल शाईने 'इज' केलं. मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, मग आजोबांना अरेतुरे करायचं का?" तिचं बरोबरच होतं. आपण 'आजोबा आजारी आहेत' म्हणतो, 'आहे' म्हणत नाही. तिला मी सांगितलं ते तुम्हालाही सांगते. इंग्रजीतही आदरार्थी बहुवचन होतं. 'यू' हा मुळात अनेकांसाठीचा शब्द, एकट्याला 'दाऊ' म्हणत. पुढे मानाने एकालाही 'यू' म्हणू लागले आणि 'दाऊ' रोजच्या बोलण्यातून गेलं. म्हणून तर समोर एकच माणूस असला तरी 'यू आर'. आजोबांशी बोलताना हा मान आपोआप मिळतो; त्यांच्याविषयी बोलताना मात्र इंग्रजीत 'इज'च. त्यात त्यांचा अपमान नाही.

आणि धीर सोडू नका. गेला, गेली, गेलं, गेले, गेल्या एवढी रूपं तुम्ही न चुकता बोलता. इंग्रजीत त्या सगळ्यांना मिळून एकच 'वेंट'. पत्रात तेवढं 'इज' करा, बाकी वाक्य ठीक आहे.

प्रश्न : क्रिकेटच्या समालोचनात 'इंडिया आर' ऐकू येतं. देश तर एकच. मग हे चूक का?
— एक विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर : चूक नाही. तिथे 'इंडिया' म्हणजे देश नव्हे, मैदानावरचे अकरा खेळाडू. ब्रिटिश इंग्रजीत संघाला असं बहुवचन चालतं, अमेरिकन इंग्रजीत बहुधा एकवचनच येतं. देशाविषयी लिहिताना 'इंडिया इज'च. परीक्षेत 'टीम'ला 'इज' लावलंस तर कुणी गुण कापणार नाही; फक्त एकाच उत्तरात आधी 'इज' आणि पुढे 'आर' असं करू नकोस.