आधी नवऱ्याची रक्तचाचणी, मग साडेसहा लाखांचा विचार

यावल तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. वय २८. चौदाव्या वर्षी मुंबईत विल्सन आजाराचं निदान झालं, तेव्हापासून पेनिसिलामाइनच्या गोळ्या चालू आहेत आणि प्रकृती स्थिर आहे. लग्नाला दोन वर्षं झाली, नवरा सख्ख्या आत्याचा मुलगा. तो जळगाव एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात ३२ हजारांवर, त्या स्वतः खासगी शाळेत १४ हजारांवर. पतसंस्थेत साडेतीन लाखांची ठेव, बँकेत दोन लाख, अंगावर सात तोळे सोनं, सासऱ्यांची तीन एकर केळी. बाळाला आजार जाऊ नये म्हणून पुण्यातल्या एका केंद्राने आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भ तयार करणं) आणि गर्भाची जनुकीय तपासणी सुचवली, खर्चाचा अंदाज साडेसहा लाख. ठेव मोडून आणि सोनं विकून हे करावं का, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली आहे: गर्भारपणात गोळ्या बंद ठेवल्या तर बाळालाही बरं आणि महिन्याचे चार हजारही वाचतील, असं घरात सासूबाई बोलताहेत.

ताई, शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण पैशाचं बाकी सगळं गणित त्यावर उभं आहे. गोळी बंद करायची नाही. विल्सन आजारात शरीराला जादा तांबं बाहेर टाकता येत नाही, ते यकृतात आणि मेंदूत साचत जातं. १९५६ साली जॉन वॉल्श या इंग्लिश डॉक्टरांनी पेनिसिलामाइनचा वापर सुरू केला, त्याआधी या आजाराच्या रोग्याला पोटातून घेता येईल असं परिणामकारक औषध नव्हतं. ज्यांनी बरं वाटतंय म्हणून किंवा दिवस गेले म्हणून औषध सोडलं, त्यांच्यात यकृत अचानक निकामी झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. गर्भारपणात डॉक्टर डोस कमी करतात, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, कारण सिझेरियन झालंच तर टाके भरून यायला हवेत. पण डोस कमी करणं वेगळं आणि गोळी बंद करणं वेगळं. कमी किती करायचा तेही यकृताचे डॉक्टर ठरवतील, घरातलं कोणी नाही. सासूबाईंना काळजी आहे म्हणूनच त्या बोलतात, हे मला कळतं. पुढच्या तपासणीला त्यांनाही सोबत न्या आणि हे डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकू द्या.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात विल्सन असलेल्या १३६ स्त्रियांची २८२ गर्भारपणं तपासली गेली. त्यातली ७३ गर्भपातात संपली. मात्र निदान होऊन उपचार चालू असलेल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण, आजार माहीतच नसलेल्या स्त्रियांपेक्षा स्पष्टपणे कमी होतं. जन्मलेल्या बाळांमध्ये व्यंगाचं प्रमाण ३ टक्के, म्हणजे इतर कोणत्याही आईच्या बाळांइतकंच. सुमारे ६ टक्के गर्भारपणांत यकृताच्या तपासण्या बिघडल्या आणि त्या सगळ्यांच्या बाळंतपणानंतर ताळ्यावर आल्या. गोळ्या नियमित आणि प्रकृती स्थिर असलेल्या बाईने मूल होऊ देण्याची भीती बाळगावी, असं यातून दिसत नाही. तुमच्या यकृतात सिरॉसिस, म्हणजे व्रण पडून यकृत कडक होणं, कितपत आहे हे मात्र पत्रात नाही. अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या असतील तर गर्भारपणात रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्यामुळे दिवस जाण्याआधी सोनोग्राफी, एलएफटी (यकृताची रक्तचाचणी) आणि डॉक्टर म्हणतील तर एंडोस्कोपी करून घ्या. हा खर्च आपल्या यादीत पहिल्या क्रमांकावर.

आता साडेसहा लाखांचं बघू. या आजाराला बिघडलेल्या जनुकाच्या दोन प्रती लागतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. तुमच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत, तेव्हा बाळाकडे एक जाणारच, त्यात कोणाचाही इलाज नाही. राहिला प्रश्न नवऱ्याचा. त्यांच्याकडे एक बिघडलेली प्रत असेल तर ते स्वतः ठणठणीत असतील, पण प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता निम्मी. त्यांच्याकडे ती नसेल तर बाळ फक्त वाहक होईल, आजारी नाही.

परक्या घरात लग्न झालं असतं तर, सुमारे ९० माणसांत एक वाहक धरतात त्या हिशेबाने, बाळाला आजार होण्याची शक्यता १८० मध्ये एक आली असती. तुमचं तसं नाही. तुमचे वडील वाहक आहेतच. त्यांची सख्खी बहीण, म्हणजे तुमच्या सासूबाई, वाहक असण्याची शक्यता निम्मी आणि त्यांच्या मुलाची पाव. त्यावरून तुमच्या बाळाला आठात एक. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न घरोघरी होतं, त्यात कुणाचा दोष काढायचा नाही. पण १८० मध्ये एक आणि आठात एक यात फार अंतर आहे, आणि एका रक्तचाचणीने हे अंतर नाहीसं होतं. नवऱ्याचा अहवाल आल्यावर आकडा आठात एक राहत नाही, तो जवळजवळ शून्य तरी होतो किंवा दोनात एक तरी.

म्हणून माझं उत्तर असं: आज आयव्हीएफला एक रुपयाही देऊ नका. आधी तुमची एटीपी७बी जनुकाची चाचणी, याच जनुकाच्या बिघाडाने विल्सन होतो. तुमचं निदान डोळ्यांत तांबं साचून दिसणारी कडी, सेरुलोप्लाझमिन (रक्तातलं तांबं वाहणारं प्रथिन) आणि लघवीतलं तांबं यांवरून झालेलं दिसतं, जनुकाचा अहवाल तुमच्याकडे नाही. या जनुकातले शेकडो बिघाड माहीत आहेत. तुमच्यातले नेमके दोन कोणते हे कळलं की नवऱ्याच्या रक्तात ते शोधणं सोपं जातं, शिवाय त्यांचं पूर्ण जनुकही वाचून घ्यायला सांगा. नमुना जळगावातून पाठवता येतो. अहवाल मात्र जेनेटिक समुपदेशकाकडूनच समजून घ्या, मोबाइलवर वाचून नाही. दोघांच्या चाचण्या आणि समुपदेशन यांसाठी बँकेतल्या दोन लाखांतून पन्नास हजार बाजूला काढा, उरले तर परत ठेवा. तुमच्या धाकट्या भावाचं लग्न ठरतंय असं लिहिलंय. सख्ख्या भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते आणि तो बरीच वर्षं गुपचूप राहू शकतो. त्याची तपासणी कधी झाली नसेल तर याच फेरीत उरकून घ्या, त्याच्या लग्नासाठी नाही, त्याच्या यकृतासाठी.

नवरा वाहक नसेल तर आयव्हीएफचा विषय संपला, साडेसहा लाख जागच्या जागी. वाहक निघाले तर तीन वाटा आहेत: गर्भ रुजवण्याआधी तपासणं, नैसर्गिक गर्भधारणेनंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तपासणं, किंवा जन्मल्यावर बाळाची तपासणी करून गरज पडली तर वेळेवर उपचार सुरू करणं. यातली कोणती धरायची हे तुम्ही दोघांनी डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. पैशाच्या बाजूने एवढंच सांगतो की तिसरी वाट हताश माणसाची वाट नाही. हा आजार लवकर सापडला तर औषधावर माणूस शिकतो, नोकरी करतो, संसार करतो, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत? आणि पहिली वाट धरलीत तर एका फेरीत गर्भ राहीलच याची हमी कोणतंही केंद्र देत नाही. दुसऱ्या फेरीचं बिल त्या अंदाजपत्रकात नाही. फेरी एकच करायची की दोन, हे आत पाऊल टाकण्याआधी दोघांनी कागदावर लिहून सही करा. सासरे एक एकर वावर विकायला तयार आहेत, त्यांचं मन मोठं आहे, पण वावर या कामासाठी विकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. या आजाराला महिन्याचं औषध आयुष्यभर लागतं, आणि आयुष्यभराच्या खर्चाला दर वर्षी पीक देणारी जमीन लागते.

विम्याबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, पण मला सगळ्यात जास्त घोर तिथे लागला. गेल्या वर्षी पाच लाखांची फॅमिली पॉलिसी घेतली आणि एजंट म्हणाला, "विल्सनचं लिहू नका, पाच वर्षं गप्प बसा, मग कोणी विचारत नाही." हा सल्ला वाईट आहे. सलग ६० महिने हप्ते भरल्यावर कंपनीला जुन्या माहितीवरून दावा नाकारता येत नाही हे खरं, पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळलेली आहे, आणि चौदा वर्षं रोज घेतलेली गोळी लपवणं हे विसरणं म्हणून खपत नाही. शिवाय तुम्हाला गरज पाच वर्षांनी नाही, येत्या दोन वर्षांत आहे. कंपनीला लेखी कळवा. हप्ता वाढवतील, प्रतीक्षा (ठरावीक काळ त्या आजाराचा दावा न देण्याची अट) लावतील, कदाचित पॉलिसी रद्दही करतील. तरी कळवाच. आधीच्या आजारांसाठीची प्रतीक्षा २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येते, म्हणजे खरं सांगून घेतलेली पॉलिसी तीन वर्षांनी तरी कामाला येऊ शकेल.

त्याआधीचा आधार नवऱ्याच्या कारखान्यात शोधा. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बायकोचं नाव आहे का, बाळंतपणाला किती मर्यादा आहे, आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरले आहेत का आणि बाळ जन्मापासून सामील होतं का, हे एचआरला ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तरही लेखी मिळेल. ग्रुप पॉलिसीत या सवलती बऱ्याचदा असतात आणि कामगारांना त्यांचा पत्ता नसतो. तुमच्या शाळेतही पगारी बाळंतपण रजेची चौकशी करा. दहा किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना लागू असलेल्या कायद्यात पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे आहेत. २०२४ पासून महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं पाच लाखांचं कवच राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना आहे, पण ते ठरलेल्या उपचारांपुरतं. ओळखपत्र काढून ठेवा, त्यावर विसंबून राहू नका.

बाळंतपण तालुक्याच्या छोट्या नर्सिंग होममध्ये नको. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि यकृताचे डॉक्टर एकमेकांशी बोलू शकतील, रक्तपेढी आणि नवजात बाळाचा अतिदक्षता कक्ष एकाच छताखाली असेल, अशा ठिकाणी नाव नोंदवा. मुंबईचं केईएम हे दुर्मीळ आजारांसाठी केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रांपैकी एक आहे, आणि भुसावळहून मुंबईला गाड्यांची वाण नाही. तिथे जायचं ठरलं तर शेवटचा महिना मुंबईत राहण्याचा खर्च, नवऱ्याच्या बिनपगारी रजा, सोबतच्या माणसाचं जेवणखाण, हे सगळं धरून अडीच लाखांचा वेगळा निधी करा. त्याशिवाय सहा महिन्यांच्या गोळ्यांचे २४ हजार निराळ्या खात्यात, आणि निदान दोन महिन्यांच्या गोळ्या कायम घरात. ही गोळी प्रत्येक मेडिकलवर मिळत नाही, आणि पावसाळ्यात रस्ता बंद झाला म्हणून डोस चुकायला नको.

हा निधी कशातून करायचा? केळीच्या पैशांवर तारीख लावू नका. कांदेबागेचा, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीचा, घड निसवला तरी मे-जूनच्या वादळात बाग आडवी होते, आणि भाव काय लागेल ते कापणीच्या दिवशीच कळतं. केळीचा पैसा आला की निधीत भर घाला, तो येईल असं धरून खर्च करू नका. सोनं विकू नका. विकून पुन्हा घेताना घडणावळ आणि जीएसटी दोन्ही अंगावर पडतात, आणि ते तुमचं स्त्रीधन आहे. ऐन वेळी कमी पडलं तर त्यातलं तीनेक तोळं बँकेत तारण ठेवून कर्ज घ्या आणि केळीच्या पैशातून फेडा. नवऱ्याच्या पीएफमधूनही आजारपणासाठी रक्कम काढता येते, पण ती सोन्यानंतर.

पतसंस्थेतल्या साडेतीन लाखांना बँकेतल्या ठेवीसारखं पाच लाखांपर्यंतच्या विम्याचं संरक्षण नाही. ठेवी अडकल्या की काय होतं हे आपल्या जळगाव जिल्ह्याने पाहिलेलं आहे, म्हाताऱ्या माणसांनी औषधाच्या पैशासाठी पावत्या घेऊन हेलपाटे मारले आहेत. दीड टक्का जास्त व्याजासाठी बाळंतपणाचा पैसा तिथे ठेवू नये. तुमच्या पावतीची मुदत पुढच्या महिन्यात संपते असं लिहिलंय. नूतनीकरणाच्या फॉर्मवर सही करू नका, रक्कम थेट बँक खात्यात मागा. त्यातले अडीच लाख बाळंतपणासाठी, एक लाख घराच्या आपत्कालीन खर्चासाठी, दोन्हींच्या वेगवेगळ्या ठेवी करा, म्हणजे एक मोडली तरी दुसरी शाबूत राहील. पुण्याच्या केंद्राला सध्या एवढंच कळवा की जनुकाचे दोन्ही अहवाल आल्यावर भेटतो. अहवाल आले की मला पुन्हा लिहा, सोबत एचआरचं उत्तर आणि विमा कंपनीचं पत्र जोडा. नवरा वाहक निघाले तर पुढचा हिशेब आपण नव्याने मांडू.